जुईच्या नावाचं कुंकू

तुमच्या गल्लीत किंवा सोसायटीत गेल्या एक-दोन वर्षांत एखादी नवी मुलगी राहायला आली असेल, तर तिचं नाव तुम्ही तिच्याच तोंडून ऐकलं आहे का, की सोबतच्या मोठ्या माणसाने सांगितलं आणि तुम्ही मान हलवून पुढे गेलात? उत्तर मला सांगू नका. स्वतःजवळ ठेवा आणि पुढचं वाचा.

मी देवाधर्माचं लिहिणारी मुलगी नाही. काशीला रामघाटावर आमचं घर. घरात देव्हारा आईचा आणि पत्रकं बाबांची. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहून छापून आणायचे. हुंड्याविरुद्ध, घाटावरच्या घाणीविरुद्ध, विधवांना शुभकार्यात मागे बसवणाऱ्यांविरुद्ध, एकदा तर आमच्याच चुलत्यांच्या घरच्या तेराव्याच्या जेवणावळीविरुद्ध. त्यानंतर ते चुलते बरीच वर्षं आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर, आणि शाळेत पोळी नेली ती त्यांतच गुंडाळून. त्यामुळे मला लहानपणापासून एवढं पक्कं ठाऊक, की अन्याय दिसला तर लिहायचं, छापायचं आणि लोकांच्या हातात द्यायचं. हात जोडून बसणं हा त्याला पर्याय नाही. आजही मला तसंच वाटतं. तरीही एका मंगळवारी आमच्या घरात जे घडलं, ते जसं घडलं तसं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी ताईचं सांगते. ताई माझी मोठी बहीण. तिचं लग्न याच शहरात बँकेत नोकरीला आलेल्या एका मराठी मुलाशी झालं. ते टिकलं नाही. कोण किती चुकलं हे ठरवायला कोर्ट बसलं होतं, मी पुन्हा बसत नाही. ताई लेकीला, जुईला, घेऊन रामघाटावर परत आली, घटस्फोटाचा दावा लागला, आणि दोघांनाही जुई आपल्याकडे हवी होती. खटला चालू असेपर्यंत जुईने आईकडे राहायचं आणि रविवार वडिलांबरोबर काढायचा असं कोर्टाने ठरवून दिलं. भावोजी दर रविवारी सकाळी घाटाच्या पायऱ्यांपाशी यायचे, वर घरी मात्र यायचे नाहीत. ताई जुईला खालपर्यंत सोडायची आणि संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर घ्यायला उभी राहायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत. जुईच दोन्हीकडचे निरोप सांगायची, आणि तिला आवडतील तेवढेच सांगायची.

चैत्रातल्या एका रविवारी भावोजी तिला नावेने पलीकडच्या वाळूवर घेऊन गेले. नावाड्याने दोघांना तिथे उतरवलं. परत यायचं झालं की फोन करतो, असं ते त्याला म्हणाले होते. फोन आला नाही. संध्याकाळी ताई पायऱ्यांवर उभी राहिली ती उभीच राहिली. वाळूवर भावोजींची खांद्याची पिशवी आणि जुईची पिवळी टोपी सापडली. माणसं सापडली नाहीत. पाणबुड्यांनी नदी शोधली, पोलिसांनी नदीपलीकडची गावं शोधली. कुणी म्हणालं, रामनगरच्या रस्त्यावर एक माणूस आणि लहान मुलगी रिक्षात चढताना पाहिली. त्यालाच पुन्हा विचारलं तर म्हणाला, नक्की नाही सांगता येत. दोघं बुडाली, की पिशवी आणि टोपी मुद्दाम मागे ठेवून बाप मुलीला घेऊन निघून गेला? मला माहीत नाही, पोलिसांनाही माहीत नाही. जुई तेव्हा सहा वर्षांची होती. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. फाइल उघडी आहे, पण नुसती उघडीच आहे.

आमच्या गावाचा एक स्वभाव आहे. इथे मेलेल्या माणसाची सोय फार पटकन होते. भावोजींच्या घरून काही महिन्यांतच निरोप आला, की आता दोघांचं करून टाकावं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात, तो करावा. काशीत राहून गती दिली नाही तर कुठे देणार? निरोप घेऊन आलेले गृहस्थ रडत होते, त्यांचं दुःख खोटं नव्हतं. ताईने त्यांना चहा दिला आणि एवढंच सांगितलं, "माझी मुलगी हरवली आहे. हरवलेल्याला शोधतात, दादा. पिंड नाही देत."

त्याच आठवड्यात ताईने कपाळावर कुंकू लावायला सुरुवात केली. हे मला सहन झालं नाही. खटला लागला त्या दिवशी तिने मंगळसूत्र काढून ठेवलं होतं, कुंकू पुसलं होतं, आणि मला तिचा केवढा अभिमान वाटला होता. आता चांगलं रुपयाएवढं कुंकू. मी तिला आरशासमोरच गाठलं.

"कुणासाठी लावतेस हे? ज्याच्याविरुद्ध कोर्टात उभी राहिलीस, त्याच्यासाठी?"

"तू जाऊन पत्रक लिही," ती म्हणाली. "विषय चांगला आहे."

"मजाक नको करू ताई. समजाव मला."

तिने कुंकवाखाली लावायच्या मेणाचं बोट पुसलं आणि आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "तो बुडाला असेल तर मी कोण? विधवा. बरोबर? आणि तो बुडाला तेव्हा जुई कुठे होती? त्याच वाळूवर ना? मग मी कपाळ पुसलं की गल्ली काय म्हणेल? की बघा, आईनेही मानलं." मग ती म्हणाली, "हे त्याच्या नावाचं नाही गं. जुईच्या नावाचं आहे."

मी त्या दिवसापासून तिच्याशी त्या विषयावर भांडले नाही. पण गल्लीला हे कोण सांगणार? तिथे कुणी दुष्ट नव्हतं, प्रत्येकीला फक्त शंका होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बोलावणं यायचं ते आईला आणि वहिनीला. ताईचं नाव घ्यायला कुणीतरी विसरायचं. कुणाच्या घरी ती गेलीच, तर कुंकवाचा करंडा तिच्यापाशी येऊन जरा अडखळायचा आणि पुढच्या बाईकडे सरकायचा. ती हसून उठायची आणि पन्ह्याचे पेले विसळायला लागायची. मला मात्र दर वेळी वाटायचं, की त्या सरकलेल्या करंड्याबरोबर जुईला आणखी थोडं पाण्यात ढकललं. ताईला मान नको होता. आपली मुलगी जिवंतांत मोजली जावी, एवढंच हवं होतं.

माझ्या परीने मी लढतच होते. जुईचं पत्रक मी लिहिलं. त्यात पोलिसांना जाब विचारला, कोर्टाला प्रश्न केले, कायद्यातल्या पळवाटा दाखवल्या, आणि वर जुईचा एक फोटो छापला. शहरभर वाटलं. माझ्या झोळीत त्याचा गठ्ठा कायम असायचा.

मग वहिनीला, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोला, मुलगी झाली. घरात बाळ आलं की आमच्याकडे बोडण भरतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणातल्या घराण्यांची ही जुनी चाल आमच्या पूर्वजांबरोबर काशीला आली. काथवटीत, म्हणजे लाकडी परातीत, अन्नपूर्णेची मूर्ती ठेवायची. नवरा हयात असलेल्या चार सवाष्णी आणि एक कुमारिका, म्हणजे लहान मुलगी, भोवती बसतात. पुरणपोळी, दूध, दही, तूप, मध, साखर असं सगळं त्यात घालून पाचजणी हाताने कालवतात. पुरुषांनी ते बघायचं नाही, दार बंद. आणि यातली मुख्य गोष्ट अशी, की त्या वेळी कुमारिकाच देवी. कालवताना तिला विचारत राहायचं, काय हवं? ती म्हणेल ते घालायचं. ती पुरे म्हणेपर्यंत कुणी हात काढायचा नाही. दादाच्या लग्नानंतरच्या बोडणाला आमची कुमारिका जुई होती. तिला विचारलं, काय हवं? ती म्हणाली, मध. पुन्हा विचारलं, पुन्हा मध. बाटली संपली तरी मध. शेवटी बाबांना बाजारात पिटाळावं लागलं, आणि दुसरी बाटली येईपर्यंत चारी बायका हात बरबटून बसून राहिल्या.

या वेळी आईने ताईलाच विचारलं, बसशील ना? ताई काही बोलायच्या आत शेजारच्या यमूकाकू हळूच आईला म्हणाल्या, "शंका आहे तिथे देवीसमोर कशाला, वहिनी? नव्या बाळाचं आहे." यमूकाकू आमच्या गल्लीचं पंचांग. त्यांचं मन वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. आई काहीतरी कडक बोलणार होती. ताईनेच तिचा हात दाबला. "मी वाढायला उभी राहते. कालवणाऱ्यांचे हात भरलेले असतात, दूध-तूप घालायला कोणी हवंच की." मी त्यांच्यामागे उभी होते. मला ओरडायचं होतं. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी गप्प बसले.

मंगळवार ठरला. स्वयंपाक झाला, काथवट मांडली, आणि कुमारिका म्हणून यायची होती त्या मुलीच्या आईचा फोन आला, की पोरीला ताप भरला आहे. यमूकाकू म्हणाल्या, "आता कुठून आणायची? सगळ्या मुली शाळेत." आईने माझ्याकडे बघितलं. "तू जा. काय पण कर, एक मुलगी घेऊन ये."

मी चिडूनच बाहेर पडले. आमच्या गल्लीत वेदपाठशाळा आहे. तिथे ओटाभर मुलगे ऋचा म्हणत बसले होते, मुलगी एकही नाही. गुरुजींनी माझी अडचण ऐकली आणि म्हणाले, "मुलगे हवेत तितके ने. अन्नपूर्णेला चालणार नाहीत, त्याला मी काय करू?" दोन-तीन घरी विचारलं, कुलपं. चालत चालत मंगला गौरीपर्यंत आले. पंचगंगा घाटाकडून देवळाकडे चढणाऱ्या उभ्या पायऱ्यांवर दम लागला आणि मी बसले. वर देवळात घंटा वाजत होती. मी प्रार्थना वगैरे केली नाही. मनातल्या मनात देवीशी भांडले. म्हटलं, तुला एका सकाळपुरती मुलगी हवी तर सगळं घर धावतंय. माझ्या बहिणीला आपली मुलगी हवी आहे, तर तू काय करते आहेस? तुला खरंच काही करता येतं का? मग आईला फोन लावला. "आई, एकही मुलगी मिळत नाहीये. उद्यावर ढकल."

"माय, तू मराठी हाईस का?"

दोन पायऱ्या खाली एक म्हातारी गुडघा चोळत बसली होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि तिच्या मागे, भिंतीला टेकून, लाल स्वेटरातली एक मुलगी. परभणीकडच्या. यात्रेच्या गाडीबरोबर आलेल्या. बाकीची माणसं बिंदुमाधवाला गेली होती, म्हातारीला पायऱ्या झेपल्या नाहीत म्हणून नातीला घेऊन मागे थांबली होती. तिने विचारलं, "कसली पोरगी पायजे तुला?"

मी सांगितलं. बोडण तिला माहीत नव्हतं. पण देवीपुढे मुलगी बसवायची आहे आणि ती मागेल ते द्यायचं आहे, एवढं ऐकून ती हसली. "आमच्या हिला बसव की. मागायला लई हुशार हाय."

"नाव काय हिचं?" मी म्हातारीला विचारलं.

"मला काय इचारती? तिलाच इचार. तिला तोंड हाय की."

मी मुलीला विचारलं. ती बोलेना. मी पुन्हा म्हातारीकडे बघितलं, तर ती नदीकडे तोंड करून खुशाल बसलेली. मग मला थांबावंच लागलं. मुलीने माझी झोळी पाहिली, तिच्यातून डोकावणारं पत्रक ओढून काढलं, जुईचा फोटो बराच वेळ पाहिला. त्या फोटोत जुईचा चेहरा फुगलेला आहे, कारण मी तिला हस म्हणून सांगितलं होतं.

"ही कोन?"

"माझी भाची. हरवली आहे."

"रुसली काय?"

"माहीत नाही."

तिने पत्रकाची घडी घातली, स्वेटराच्या खिशात ठेवली आणि म्हणाली, "माजं नाव पायल."

बिंदुमाधवाकडच्या माणसांना म्हातारीने फोनवर कळवलं आणि मी दोघींना हळूहळू घरी आणलं. दारात यमूकाकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठल्या? आडनाव काय?" त्या प्रश्नात काय दडलेलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि माझं उत्तर जिभेवर तयार होतं. पण आईच पुढे झाली. पायलच्या पायांवर पाणी घालत म्हणाली, "काशीत आलेली लेक अन्नपूर्णेची. दुसरं आडनाव कशाला हवं, काकू?" आयुष्यभर बाबांची पत्रकं घडी घालत बसलेली माझी आई. तिने ती वाचलीही होती, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हातारीला नवरा नव्हता, म्हणून ती आपणहून बाहेर ओसरीवर बसली. ते बंद दार मला आजही मान्य नाही, हे इथेच लिहून ठेवते. बाबाही बाहेरच. मी दार लावताना त्यांचं बोलणं ऐकलं.

"तुमाला बी काढलं का भाईर?" म्हातारी विचारत होती.

"मला तर लग्न झाल्यापासून," बाबा म्हणाले.

आत चार सवाष्णी बसल्या: आई, वहिनी, यमूकाकू आणि समोरच्या घरातल्या एक बाई. मध्ये पायल. मी बाळाला घेऊन भिंतीशी. ताई दुधाची लोटी हातात धरून उभी. ओचा खोचलेला, कपाळावर ते कुंकू. कालवायला सुरुवात झाली.

"काय हवं, बाळा?" आईने विचारलं.

"दूध." ताईने दूध घातलं.

"आता काय हवं?"

"साखर." ताईने साखर घातली. मग तूप, मग पुन्हा दूध. पायलला मजा येत होती. चार मोठ्या बायका आपण म्हणू ते करताहेत, यापेक्षा मोठी गोष्ट कुठल्या मुलीला हवी असते? यमूकाकू पुटपुटल्या, "सावकाश माग गं, काथवट एवढीशी आहे."

आईने पुन्हा विचारलं, "अजून काय हवं?"

पायलने काथवटीत एकदा पाहिलं. तिने मान वर करून ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा, मग लोटी, मग तिचे हात. आणि अगदी साध्या आवाजात, तूप मागावं तशी म्हणाली, "या मावशीचे हात कोरडेच हायेत. हिला बसवा."

काथवटीतले हात थांबले. ताई एक पाऊल मागे सरली. "नको गं राजा, मी वाढते आहे ना."

"न्हाई. बसवा."

पायलला कुणीही काही सांगितलं नव्हतं. कुमारिकेचा शब्द मोडत नाहीत हे तिला ठाऊक असेल, पण ताई कोण, ती उभी का, यातलं काहीच नाही. आई यमूकाकूंकडे बघत होती. मीही त्यांच्याचकडे बघत होते, आणि कबूल करते, भांडायच्या तयारीत होते. यमूकाकूंचे दोन्ही हात मनगटापर्यंत बोडणात. त्यांनी ताईच्या कपाळाकडे पाहिलं, काथवटीतल्या अन्नपूर्णेकडे पाहिलं, आणि मग आपला दुखरा गुडघा उचलून बाजूला घेतला.

"सरका गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "नियम पाळायचा तर सगळा पाळायचा. मागितलंय तिने. ये, बस इथे."

ताई बसली. लोटी मी घेतली. तिने हात घातले आणि लगेच तिच्या तोंडून हसू फुटलं, कारण आतमध्ये पायलने तिची बोटं घट्ट धरली होती. ते हसू दोन वर्षांत मी ऐकलं नव्हतं. पाहता पाहता तिचे डोळेही वाहू लागले, पण हात भरलेले, पुसणार कशाने? यमूकाकूंनी आपल्या कोपराने पदर पुढे ढकलला आणि त्याने तिचे गाल टिपले. काथवटीत आता कुणाचा हात कुठला ते ओळखू येत नव्हतं. आईने विचारलं, "अजून काय हवं?" पायल म्हणाली, "आता पुरे."

याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणोत. मी वाद घालणार नाही, मला वाद घालता येतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त एवढं जाणते, की पायऱ्यांवर मी जिच्याशी भांडले तिने एका तासात उत्तर दिलं, आणि मी मागितलं ते न देता जे द्यायचं ते दिलं.

जेवताना आईने पहिलं पान म्हातारीचं मांडलं. म्हातारीने ताईला जवळ बसवून विचारलं, "काय काय करती गं तुजी लेक?" ताई सांगू लागली. जुई झोपताना आपलाच कान धरते. पायऱ्या मोजत उतरते आणि मध्येच एक आकडा मुद्दाम गाळते. टोपी आवडत नाही, सारखी काढते. मराठी बोलते, पण राग आला की हिंदीत भांडते. मध कितीही देत राहा, पुरे म्हणत नाही. मी ऐकत होते आणि माझ्या पत्रकातलं एकेक वाक्य मला आठवत होतं. माझा राग खरा होता, आजही खरा आहे, आणि त्यातला एकही प्रश्न मी मागे घेत नाही. पण त्या कागदावर जुई कुठेच नव्हती. त्या दुपारी ताईने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेची गाडी निघायच्या आत बाबांनी नवी पत्रकं छापून आणली आणि दशाश्वमेधाच्या चौकात म्हातारीच्या पिशवीत घातली. "वाटेत जितकी गावं लागतील तितक्या गावांत देते," ती म्हणाली. पायलने जुनं पत्रक मात्र परत दिलं नाही.

जुई सापडलेली नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण अशा लेखाच्या शेवटी हरवलेलं परत मिळतं, अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. त्या पत्रकांवरून एक फोन आला होता, लांबच्या एका गावातून. ताई आणि बाबा गेले. ती जुई नव्हती. परत आल्यावर मी ताईपुढे पाणी ठेवलं. तीच म्हणाली, "छान मुलगी होती. मी तिला नाव विचारलं, तिने स्वतः सांगितलं. आजीकडे राहते, खूश आहे. चल, एक तर बघून झालं." आणि पाय धुवून पोळ्या लाटायला बसली.

शरण जाणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मी समजत होते, म्हणून मला त्या शब्दाचा राग यायचा. ताईकडे बघून वेगळं शिकले. ती तारखेला पोलीस ठाण्यात जाते, कोर्टात जाते, वकिलाला हैराण करते. रविवारी संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहते. हात कोरडे ठेवत नाही. फक्त नदीने काय केलं आणि काय नाही, याचा निकाल तिने आपल्याकडून काढून घेतला आहे आणि अन्नपूर्णेच्या पायाशी ठेवला आहे. त्यामुळे ती झोपू शकते. गल्लीतल्या हळदीकुंकवाला आता पहिलं बोलावणं तिला असतं. यमूकाकू स्वतः येतात आणि करंडा तिच्यापुढे धरून म्हणतात, "लाव. लेकीची आई आहेस." त्या बाईबद्दल मी मनात जे जे लिहिलं होतं ते सगळं खोडलं आहे. त्या उचललेल्या गुडघ्यासाठी, त्या कोपराने ढकललेल्या पदरासाठी, आणि पायऱ्यांवर बसलेल्या परभणीच्या आजीसाठी मी रोज कृतज्ञ आहे. ज्या चालीला मी घरात बसून नावं ठेवत होते, त्या चालीने लहान मुलीला विचारायचं कसं ते जपून ठेवलं होतं: काय हवं? खटल्याच्या सगळ्या कागदांत जुईला तेवढं कुणी विचारलेलं मला सापडलं नाही.

म्हणून ही विनंती, आणि ती वाचून सोडून देऊ नका. तुमच्या आसपास एखादी नवी मुलगी दिसली, तर तिच्या उंचीला येऊन बसा आणि तिचं नाव तिला विचारा. सोबतचं मोठं माणूस मध्ये बोललं तर हसून म्हणा, तिला तोंड आहे की. मग ती बोलेपर्यंत थांबा. वेळ लागेल, थांबा. तिने दुसरं काही नाव सांगितलं, तर काही वाया गेलं नाही, एका मुलीचं तुम्ही ऐकून घेतलंत. पण झोपताना कान धरणारी, आता आठ वर्षांची झालेली एखादी मुलगी म्हणाली, की माझं नाव जुई, तर आधी जवळच्या पोलीस चौकीत कळवा. आणि तिच्यापाशी बसून तिला विचारा, काय हवं? ती मध मागेल. ती पुरे म्हणेपर्यंत तिला द्या.